डावं टोक खाली

पिंके, असशील तिथून जरा जवळ सरक आणि आधी बोलणी खा. शाळेच्या भिंतीचा फोटो तुला पाठवला, तर नागपुरात बसून तू अंगठा वर केलास? वर ‘छान’ म्हणे! डोंबल छान. पण तू राठोड मॅडमना कधी पाहिलंच नाहीस, म्हणून सोडते.

पुसदला आमच्या शेजारी राहायच्या त्या. तांड्यावरून शिकून आलेल्या, इथल्या शाळेत गणित शिकवायच्या. बहुपदीत क्षचा सगळ्यात मोठा घात कोणता, त्यावरून आलेखाची टोकं ठरतात, हे त्या तोंडाने कमी आणि हातांनी जास्त सांगायच्या. घात सम असला की दोन्ही हात वर. विषम असला की उजवा वर, डावा खाली. पुढं उणे चिन्ह आलं की सगळं उलटं. एकदा बसस्थानकासमोर एका मुलीला समजावत अशाच उभ्या होत्या, तर ऑटोवाला थांबला.

“कुठं जाचं, मॅडम?”

“उणे अनंताकडं! येतं का?”

“तिकडचा रस्ता खराब हाय,” म्हणाला तो बिचारा.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी त्यांच्या ओसरीवर, शिकवणीच्या पोरींमागे बसून, तुरीच्या शेंगा सोलत शिकले. मलाही सोडायच्या नाहीत. “काकू, शेंगा ठेवा बाजूले. आधी टोकं सांगा, मधातलं मंग!” कुणी तीनच्या घाताला तीन वळणं काढली की खडू फेकायच्या. “जास्तीत जास्त दोन! हे तिसरं कोणाच्या घरून आणलं वं?” मग राग उतरला की हळूच म्हणायच्या, “जवळून पाह्यलं तर बारके पदं लय नाचतात. दूर जाऊन पाहा, मोठा घातच बोलते.”

माझ्याहून लहान, आणि मागच्या उन्हाळ्यात माझ्याआधी गेल्या.

आता शाळेनं त्यांच्या आठवणीची भिंत रंगवली. वर त्यांचा चेहरा, खाली नाव, त्याखाली ‘क्षचा घन उणे तीन क्ष’ आणि त्याचा आलेख. तो कसा? दोन्ही टोकं आभाळात आणि मध्ये तीन वळणं! मी तशीच मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांना चूक माहीत नसती तर मी एवढी चिडले नसते गं. पण ते हसले.

“काकू, मीच पेंटरले सांगतलं. एक टोक खाली गेलं की अधोगती वाटते. अनावरणाले पाहुणे येऊन राह्यले. दोन्ही वरच बरे दिसतात.”

“अन् पोरींचं काय?”

“पोरी पुस्तकातून शिकतात, भिंतीवरून थोडीच!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईनं हयातभर हीच चूक खोडली, तीच तिच्या नावाखाली रंगवायची? आणि वर हार घालायचा?

काल आमच्या गल्लीतली अकरावीची मुलगी वही घेऊन आली. घनाचा आलेख, दोन्ही टोकं वर. मी म्हटलं, चुकलीस. तर मलाच म्हणते, “आजी, राठोड मॅडमच्या भिंतीवर असंच हाय. तुमचंच चुकत असन.” ऐकलंस? मॅडमनाच माझ्याविरुद्ध साक्षीला उभं केलं यांनी! काल एक पोरगी आली, उद्या वर्ग येईल, आणि सगळ्याजणी मॅडमचंच नाव सांगतील.

मुख्याध्यापक म्हणतात, कार्यक्रम झाल्यावर पाहू. मी काही थांबणार नाही. पांढऱ्या आणि निळ्या रंगाचे डबे आणून ठेवलेत. उजवं टोक बरोबर आहे, त्याला हात लावायचा नाही. डावं मात्र फार उंच नेलंय मेल्यांनी. परवा स्टूल नेऊन पाहिलं, माझा हात पुरला नाही. तू उंच आहेस, पिंके. रविवारी शाळा बंद असते. शनिवारीच ये, मुक्कामाला.