साहेबांसमोर पांढरी राहिलेली गाळणी

जालन्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता मी तीन वर्षं हवेची गाळणी बनवत होतो. सुईतल्या द्रावणाला विजेचा जबर दाब दिला की केसाहून बारीक तंतू निघतात. त्यांचंच हे कापड. हवा आरपार जाते, काजळी अडकते, आणि पाणी शिंपडलं की अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे थेंब काजळी घेऊन खाली येतात. निदान प्रयोगशाळेत तरी येत होते.

खरी परीक्षा एमआयडीसीतल्या एका सळयांच्या कारखान्यात ठरली. मॅनेजर म्हणाले, "प्रदूषण मंडळाचे मोठे साहेब बघायला येऊन राह्यले, सर. बिलकुल काळजी करू नका."

त्या दिवशी गेलो तर भट्टीच बंद. टँकरनं रस्ता धुतलेला, भिंतींना ताजा चुना.

"अहो, धूरच नाही. मी गाळू काय?"

"सर, साहेबांसमोर धूर काढायचा म्हनता?" पाहुण्याच्या ताटात माती वाढायला सांगावी, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

साहेबांनी मी पंख्यापुढे ताणलेलं पांढरंशुभ्र कापड निरखलं. "वा! एक कण चिकटला नाही. याला म्हणतात स्वतःहून स्वच्छ होणं!" टाळ्या पडल्या. मी तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी त्यात पेढा घातला. खरं सांगतो, पेढा गिळून झाल्यावरही मी बोललो नाही. अंगावर शाल होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कापड काढायला गेलो. भट्टी धडधडत होती, कापड काळंकुट्ट. नाकाला पदर बांधून झाडणाऱ्या मावशी थांबून बघू लागल्या. मी पाणी शिंपडलं. काळे थेंब घरंगळले.

"निघालं की बराबर! मंग काल का न्हाई दावलं?"

"काल धूर नव्हता, मावशी."

"आमाला तर रोज ऱ्हातो." त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे मात्र न्हाई निघालं."

तेलकट डाग होता. प्रयोगशाळेतल्या शहाण्या धुरात तेल नसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अहवालात मी डाग प्रामाणिकपणे लिहिला. अहवाल साहेबांच्या कार्यालयातून परत आला. वर शेरा, 'साहेबांच्या निरीक्षणाशी जुळत नाही.'

आता मी तेलाच्या मागे आहे. दर आठवड्याला मावशी डागाळलेलं कापड काढून माझ्या तपासणीसाठी पिशवीत ठेवतात. ते धुवायचं नाही, हे त्यांना पटवायलाच मला महिना लागला.