भिंतीपलीकडं संडास

मला कुणी शिकू दिलं नाही, असं कुणी म्हणू नये. बिदरहून माघारी आलो तो माझ्या मर्जीनं.

निजामाचं राज्य होतं. संतपूरजवळच्या आमच्या गावात चौथीपर्यंत उर्दू शाळा. पुढं शिकायचं तर बिदर, अन् तिथं आमचं कुणीच नाही. पोरगं कचेरीत खुर्चीवर बसावं, हा एकच ध्यास घेऊन वडील मला बैलगाडीत घालून खोली बघायला निघाले. पहिलं घर लिंगायताचं; आमच्या गळ्यात लिंग नाही म्हणून नको म्हणाले. दुसऱ्यानं जात विचारून दार लावलं. तिसरं घर धान्याच्या एका अडत्याचं. तो हो म्हणाला.

खोली मागच्या अंगाला. ओल, झुरळं, ते सोडा. आत पाऊल टाकलं अन् वासानं डोळ्यांना पाणी आलं. रानात मेलेलं ढोरसुद्धा असं घाण मारत नाही. तिथं वारा तरी असतो.

"दादा, हिथं काय मेलंय?" मी वडलांना विचारलं.

अडत्या हसला. "मेलं न्हाई रं. भिंतीपलीकडं संडास हाय. तुम्ही खेड्यातले तांब्या घेऊन रानात पळता. हिथं भर पावसातबी घरातच!"

घरात! मला वाटलं, हा चेष्टा करायलाय.

त्याच्या सुनेनं भाकरी-पिठलं आणून दिलं. पहिला घास तोंडात, तोच पलीकडं घरातला म्हातारा येऊन बसला. खाकरला, कुंथला. पुढचंही सगळं ऐकू आलं. मग मागच्या बोळात पत्र्याची टोपली खरडली. खिडकीतून बघितलं तर मैला उचलणारी एक बाई ती भरलेली टोपली डोक्यावर घेत होती, अन् सून तिच्या पदरात वरून भाकरी टाकत होती, हात लागू नये म्हणून. घाण ह्यांची, अन् विटाळ तिचा! मी घास थुंकला. आजही मी पिठलं खात नाही.

"गुमान खा," वडील कानात म्हणाले. "नाक दाबून दिवस काढ. दुसरी खोली मिळायची न्हाई."

"तुम्ही राहा. मी न्हाई."

अडत्या तापला. "एवढं नाक हाय तर शाळा कामून पाहिजे? ढोरं राख जा!"

"राखतो की. ढोरांचं शेण सारवायला तरी येतंय."

वडलांनी दंड धरून मला बाहेर ओढलं. गाडी जुंपली. वेस मागं पडली, नांगरलेलं रान लागलं, तशी त्यांनी गाडी थांबवली अन् तांब्या घेऊन बाभळीआड जवळजवळ पळतच गेले. बऱ्याच वेळानं आले.

"सकाळधरनं आवळून बसलो होतो," हात धूत म्हणाले. "अडत्या दोनदा जा म्हणला, पर त्या घरात धीर झाला न्हाई."

मी खो खो हसलो. ते हसले नाहीत.

"माझं सोड," म्हणाले. "मला कुठं शिकायचं होतं?"

अन् कासरा हातात घेऊन त्यांनी बैल गावाकडं हाकले.