फुईची घोडी

साक्रीच्या आठवडी बाजाराला आमची फुई घोडीवर बसून जायची. फुई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नऊवारीचा कासोटा घट्ट मारायचा, डोक्यावरचा पदर दातांत धरायचा आणि ओट्यावरून अशी टांग टाकायची की बघणाऱ्यानेच स्वतःचा तोल सांभाळावा. सारंगखेड्याच्या यात्रेतून ही घोडी आणणारे फुवा लवकर वारले. विधवा बाईने घोडी कशाला ठेवायची, असं गावाने पुष्कळ सांगून पाहिलं. फुईचं उत्तर ठरलेलं : "धनी ग्या, आते घोडीबी काढू? मंग माले बाजारले कोन ली जाई?"

मी तेव्हा धुळ्याला कारकून होतो. स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील. साक्रीतलीच मुलगी ठरली आणि माझी झोप उडाली. मुलीमुळे नव्हे, घोड्यामुळे. आमच्यात नवरदेवाने मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत घोड्यावरून मिरवत जायचं असतं. माझा एक चुलतभाऊ स्वतःच्या लग्नात घसरून पडला, तर त्याची सासुरवाडी त्याला अजून 'पडेल जवाई' म्हणते, पडलेला जावई. मला तर सायकलवरसुद्धा गरगरतं.

म्हणून दिवाळीची सुट्टी मी फुईकडे काढली. कचेरीत सांगताना मात्र 'जरा घोडेस्वारीला जातोय' असं, एखाद्या संस्थानिकाच्या थाटात सांगितलं. शिंप्याकडून खास विजार शिवून घेतली, मांड्यांशी फुगीर आणि खाली घट्ट. फुईने ती वरून खाली न्याहाळली. "हाई काय घालं, भाऊ? कापूस भरेल शे का मझार?"

पहिल्या दिवशी घोडी मला घेऊन निघाली आणि पहिल्याच दारात उभी राहिली. मी टाचा मारल्या, लगाम हलवला, शेवटी हात जोडले. आतून एक म्हातारी चहा घेऊन आली, कारण फुई रोज त्या दारात थांबून तिची विचारपूस करायची. चहा संपला तशी घोडी हलली, ती पुढच्या दारात थांबली. अशा रीतीने मी गावातल्या प्रत्येक चुलीवरचा चहा प्यालो, पण वेस काही ओलांडली नाही. फुई हसून हसून खाली बसली. "ती तुले गाव दखाडी ऱ्हायनी!"

दुसऱ्या दिवशी मी छडी उगारली आणि भुईमुगाच्या शेतात जाऊन पडलो. फुईने धूळ झटकली. "पडना? बरं जायं. एक डाव पडना म्हंजे भीती गई." माझी भीती मात्र माझ्या आधी उठून पुन्हा घोडीवर बसली होती.

बाजारात गुळाच्या दुकानापाशी तर घोडी हटून बसायची. फुई शेटजींकडून गुळाचा खडा घेणार, स्वतःच्या हाताने भरवणार, "चाल वं माय" म्हणणार, तेव्हा स्वारी पुढे. मी दिलेला गूळ ती खायची आणि जागची हलायची नाही.

एवढं कळूनही मी लग्नाला तीच घोडी मागितली. निदान ओळखीची आहे, एवढाच विचार. आदल्या संध्याकाळी फुई म्हणाली, "मी मांगे ऱ्हासू. शुभ काम शे, लोके नावे ठेवतीन." कुणाच्या बापाला न भिणारी ही बाई त्या दिवशी भ्यालेली पाहिली आणि मला फार वाईट वाटलं. पण मी मान डोलावली आणि फेटा बांधून बघायला गेलो.

मिरवणूक बाजाराच्या रस्त्याने निघाली आणि गुळाच्या दुकानापुढे घोडी थांबली. वाजंत्री वाजून वाजून दमली. मामांनी मागून रेटलं, तशी तिने मागचे पाय उचलले. मी तिच्या मानेला मिठी मारली. मुंडावळ्या तोंडात, डोळ्यांपुढे 'पडेल जवाई'. पुढून मुलीकडचे ओरडत होते, "मुहूर्त टळी ऱ्हायना!" घोडी मान वळवून मागे बघत होती. तिथे बैलगाड्यांच्या आडोशाला पदर ओढून फुई उभी होती.

"फुई! पुढे ये वं!" मी जीव खाऊन ओरडलो.

 कुणीतरी म्हातारी पुटपुटली. वडील खाली बघत राहिले, मग म्हणाले, "अक्का, ये."

फुई आली. गूळ दिला, "चाल वं माय" म्हणाली आणि लगाम धरून चालू लागली, सगळ्या सवाशिणींच्या पुढे. मांडव येईपर्यंत तिने लगाम सोडला नाही. डोळे पुसताना मला म्हणाली, "डोळामा धूळ गई."

पुढे आमच्या नात्यात विधवा आत्या-मावश्या मिरवणुकीत पुढे चालू लागल्या, तेव्हा प्रत्येक वेळी माझं नाव निघे. केवढं धाडस, त्या काळात! एका लग्नात तर माझा सत्कार झाला. मी हार घालून घेतला, कारण नको म्हणायलाही धाडस लागतं.

फुई अंथरुणाला खिळली तेव्हा मात्र मला राहवलं नाही. सांगून टाकलं, "फुई, मी काही सुधारक नव्हतो. पडत होतो, म्हणून ओरडलो."

ती हसली. "माले माहीत शे रे. पन तठे तुना बाप व्हता, मामा व्हतात, बठ्ठा गाव व्हता. पडताना हाक तू मालेच मारी ना?"