ओसरीतलं खोकं

हा कागद घेऊन उजेडात नीट बस, पोरी, म्हणजे मी शेजारीच बसले आहे असं वाटेल आणि मला तुझ्यावर रागावता येईल. दोन दिवाळ्या गेल्या, मामीआजीची ओसरी तुला आठवली नाही. आता पत्रातून विचारतेस, आजोबा कसे होते. तर ऐक. तुझे आजोबा, म्हणजे माझ्या नणदेचे यजमान, माझे भाऊजी, यांच्याएवढा भित्रा माणूस साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा जन्मला नसेल.

बैलांना भीत नव्हते हो. नेरच्या बैलबाजारात दलाली करायचे, मारक्या गोऱ्ह्याच्या तोंडात हात घालून दात पाहायचे. भीती होती ती शिक्क्याच्या कागदाची आणि खाकी कपड्याची. पोस्टमनची घंटी वाजली की न्हाणीत जाऊन बसायचे. एकदा तर एसटीच्या कंडक्टरला उभं राहून सलाम केला आणि तिकीट काढायलाच विसरले. पण बाजारात त्यांच्यासारखा गडी नाही. तिथे सौदा दुपट्ट्याखाली व्हायचा, बोटं दाबून, दोघांनाच कळेल असा. जमला की दलालानं भाव खड्या आवाजात सांगायचा, म्हणजे पलीकडे चिठ्ठी लिहिणाऱ्याला ऐकू जाई. तीस वर्षं हेच केलेलं.

अशा माणसाच्या डोक्यात दालमिल शिरली. आपली तूर गाड्या भरून बाहेर जाते आणि तिचीच डाळ दुप्पट भावानं परत येते, हे त्यांना बघवत नव्हतं. नागपूरहून मशीन आणलं. त्यांच्या दारातून शिरेना, म्हणून खोकं आमच्या ओसरीत उतरवलं. आळीतल्या आठ बायकांना डाळ निवडायचं काम मिळणार होतं, त्यात मीही होते. राहिला होता फक्त परवाना. अर्ज केला तेव्हा आमची राजधानी नागपूर होती. कागद टेबलावरून टेबलावर जाईस्तोवर मुंबई झाली, मग महाराष्ट्रही झाला, तरी तो कागद तिथेच. कोणत्या कचेरीत, ते लिहायला अजून माझा हात धजत नाही. शेवटी कोणीतरी कानात सांगितलं, बाबूचं काही पाहावं लागते.

आता आली पंचाईत. द्यायला भीती, न द्यायला त्याहून भीती. एके दुपारी माझ्याकडे आले. "वहिनी, तुमी साहेब व्हा. मी देऊन पाह्यतो." मी आमच्या ह्यांचा चष्मा लावला, टोपी घातली, पाटावर बसले आणि घसा खाकरून विचारलं, "काय पाहिजे?" तर खरंच घामाघूम झाले. "काही नाही साहेब," म्हणाले आणि चपला न घालता घरी गेले. महिनाभर आमची ही तालीम चालली. मीच म्हणत होते, "भाऊजी, कायले भेता? साऱ्यायनं देल्लं, तुमी एकटेच राह्यले." तेव्हा मी गप्प बसले असते तर, असं आजही वाटतं.

गेले. कचेरीतला बाबूही शेतकऱ्याच्याच घरचा, बाजाराची रीत जाणणारा. आकडा तोंडानं कशाला सांगेल? भाऊजींच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून त्याखाली त्यानं त्यांचा हात धरला, बोटं दाबली. आणि भीतीनं थिजलेल्या माणसाला ओळखीची एवढी एकच गोष्ट त्या कचेरीत सापडली. ते ताठ उभे राहिले आणि भर कचेरीत खड्या आवाजात म्हणाले, "तीनशे. सौदा पक्का. लिहा चिठ्ठी."

साऱ्या माना वर झाल्या. बाबू रागावला असता तर बरं होतं. तो हसला. हलकेच हात काढून घेत म्हणाला, "या आता भाऊ तुम्ही."

परवाना मग कसला येतो. आला तो खाकीतला माणूस. महिन्या-दोन महिन्यांनी सायकल लावायचा, खोक्याभोवती फिरायचा, "हे इथं कोणाला विचारून ठेवलं?" म्हणायचा आणि उत्तर न ऐकता जायचा. मी वर गोधडी टाकली. त्याचं विचारणं आळीनं ऐकलं होतं. शेजारचा तेली इंजिनाची घाणी लावणार होता, त्यानं पुन्हा बैलच जुंपला. आम्ही आठ जणी कापूस वेचायला गेलो. त्यानंतर आमच्या आळीत कोणी काही नवं काढलं नाही गं. आणि भाऊजी बाजारातही पुटपुटायला लागले. चिठ्ठीवाला ओरडायचा, "काका, जोरानं सांगा ना." दलाली सुटलीच मग.

शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसले होते. त्यांनी गोधडीखालून माझा हात धरला, बोटं दाबली. मला ती भाषा कुठली यायला. म्हटलं, "काय म्हणून राह्यले भाऊजी? जरा मोठ्यानं सांगा."

"मोठ्यानं नाही बोलत आता, वहिनी," म्हणाले.

खोकं अजून ओसरीतच आहे, खिळेसुद्धा निघालेले नाहीत. आत काय गंजलं, काय शाबूत आहे, देव जाणे. कितीदा वाटलं उघडावं, पण रस्त्यावर सायकल वाजली की माझाच हात मागे येतो. तू त्यांची नात, तुला कोण काय विचारणार? लवकर ये. आणि येताना एक चांगली पक्कड घेऊन ये.