पहिला झुरका कुंभाराचा

गेल्या मंगळवारी मंचरच्या डॉक्टरांनी आईचा एक्सरे उजेडाच्या पाटीवर लावला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "आजी, ओढायला काय होतं? विडी?"

"मी? न्हाई बा," आई म्हणाली. "मिशरी लावत व्हते. ती पण सोडली."

मला राग आवरला नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, चिलीम. अडीच वर्षं. दिवसाला सात-आठ वेळा."

भर बाजारात मी तिचा पदर ओढावा, तसं आईनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. फक्त तेवढ्यानं असं होत नाही म्हणाले, भट्टीचा धूरही असेल, सोमवारी रिपोर्ट येऊ द्या. एक बाईमाणूस चिलीम का ओढत होतं, हे काही त्यांनी विचारलं नाही. बाहेर तीस पेशंट बसले होते, त्यांना तरी कुठला वेळ! ते उत्तर मला आज सांगायचंय. नाहीतर सोमवारपर्यंत मी करू तरी काय?

आम्ही महाळुंगे पडवळचे कुंभार. माझे वडील चिमाजी. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. मडकी, रांजण, पणत्या सगळे कुंभार करतात, पण आप्पांचं नाव झालं ते चिलमींवर. बाजारात मिळते ती कोरी चिलीम. कोऱ्या चिलमीत तंबाखू भरली की पहिले आठ दिवस नुसती मातीची चव लागते, घसा सोलवटतो आणि विस्तव जरा जास्त झाला तर चिलीम तडकते. आप्पा ती मुरवून द्यायचे. बाभळीची राख फडक्यातून गाळायची, काकवीत कालवायची आणि कोंबडीच्या पिसानं चिलमीच्या आतून तिचा पातळ हात द्यायचा. दोन दिवस सावलीत वाळली की मग ओढायची. पहिल्यांदा चिमूटभर तंबाखू घालून, मग अर्धी, मग भरून. तेही हळूहळू. जोरात झुरका मारला की आतला थर पोपडा धरून सुटतो आणि सगळी मेहनत पाण्यात. नीट जमलं तर आतून चिलीम रोजच्या तव्यासारखी काळी, गुळगुळीत होते आणि मग दहा वर्षं काही होत नाही.

म्हणजे विकायच्या प्रत्येक चिलमीचे पहिले तीन डाव आप्पांच्या छातीतून जायचे. वीस वर्षं! एवढं साधं गणित घरात कुणी कधी केलं नाही. मीही नाही.

ब्याण्णव सालच्या दिवाळीनंतर आप्पांना चाक फिरवतानाच दम लागायला लागला. मंचरलाच दाखवलं. क्षय नाही, पण फुप्फुसं धुरानं खाल्लीत, असं निघालं. तेव्हाचे डॉक्टर तोंडाचे फटकळ होते. "आता एक झुरका जरी घेतला तर माझ्याकडं आणू नका," म्हणाले.

आप्पा घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. पुढ्यात काकवीचा हात दिलेल्या चाळीस चिलमी वाळत होत्या. जुन्नरच्या व्यापाऱ्याला शब्द दिलेला. आई त्यांच्याकडं बघत होती आणि मी आईकडं. तिनं दोन चिलमी पदराखाली घेतल्या आणि भट्टीमागच्या खोपटात गेली. दार लोटलं. आतून खोकल्याचा असा आवाज आला की मी धावत गेले. आई डोळे पुसत म्हणाली, "जा तू. दाराशी बस. कुणी आलं तर खोक."

तेव्हापासून माझं काम तेच. दाराशी बसायचं, शेंगा निवडायच्या आणि कुणी दिसलं की खोकायचं. दुपारी बाया रानात गेल्या की आई खोपटात शिरायची. चिलीम ओढणारी बाई म्हटल्यावर गावानं आमचं काय ठेवलं असतं? आणि घरात मी लग्नाची. त्यात आप्पांचा दमही झाकायचा, कारण दम आणि क्षय यात लोक फरक करत नाहीत, आणि क्षयाच्या घरातली मुलगी कोण करतो?

वासाचं काय करायचं, हाही प्रश्नच होता. आईला मिशरीची लहानपणापासून किळस. तरी तिनं मिशरी लावायला सुरुवात केली, तीही ओट्यावर बसून, चारचौघींना दिसेल अशी. "साळुबाई, तू पण लागलीस का नादाला!" बाया हसल्या. आईही हसली. त्या हसण्याचा मला तेव्हा इतका राग यायचा की सांगता सोय नाही. पण तंबाखूच्या वासाला आता नाव मिळालं होतं.

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये माझं स्थळ आलं. लेण्याद्रीच्या पायथ्याचं गोळेगाव. मुलगा गोरख, जुन्नरला सायकलचं दुकान. घरात शब्द चालायचा त्याच्या आजोबांचा, कुशाबांचा. त्यांची वीटभट्टी होती. आणि आमचं दुर्दैव असं, की कुशाबा अख्ख्या जुन्नर तालुक्यात चिलमीचे जाणकार म्हणून ओळखले जायचे. आप्पांच्या चिलमी ते व्यापाऱ्याकडून वेचून घ्यायचे. "चिलमीवाल्या चिमाजीची पोरगी" म्हणूनच त्यांनी होकार कळवला होता.

पाहुणे यायच्या आदल्या दिवसापासून आईनं खोपटाला कुलूप लावलं. हात चिंचेनं घासले, लुगडं दोनदा धुतलं, मला म्हणाली, "माझ्या जवळ येऊन वास घेऊन बघ." मी वास घेतला. येत होता. मी म्हटलं, "नाही येत."

आप्पांना तिनं बजावलं, "तुमी जास्त बोलू नका. बोललात की धाप लागती. हसून मान हलवा."

पाहुणे आले. कुशाबा, मुलाचे वडील आणि गोरख. पोहे झाले, चहा झाला, मला चारदोन प्रश्न झाले. गोरख मान खाली घालून कपाची कड बघत होता. आप्पा हसून मान हलवत होते. सगळं ठीक चाललं होतं.

मग कुशाबांनी बंडीच्या खिशातून तंबाखूची चंची काढली.

"पावणं," ते आप्पांना म्हणाले, "सोयरीक जुळायची तर कोऱ्या चिलमीवर जुळू द्या. काढा एखादी ताजी. पण रीत माहीत हाय नव्हं? पहिला झुरका कुंभाराचा."

ही रीत आमच्यात जुनी. ज्यानं चिलीम घडवली त्यानं ती आधी स्वतः ओढून दाखवायची, म्हणजे ती फुटकी नाही, गळकी नाही, याची ती हमी. ती आमच्या घरानं नाकारायची म्हणजे स्वतःच्याच मालाला नाव ठेवायचं. आप्पा उठले. कोनाड्यातली काकवीचा हात दिलेली, अजून न पेटवलेली चिलीम त्यांनी घेतली, तळाला खडा टाकला, तंबाखू भरली, फडक्याची छापी ओली करून खाली गुंडाळली. मी चुलीतला विस्तव आणून दिला. मीच. दुसरं काय करणार होते?

आप्पांनी चिलीम ओठांपाशी नेली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे ओठ हलत होते. मला वाटतं ती देवाचं नाव घेत नव्हती, ती डॉक्टरचं वाक्य म्हणत होती. आप्पांनी डोळे मिटले. आता ओढतील आणि इथंच पाहुण्यांसमोर कोसळतील, हे मला स्पष्ट दिसलं, आणि तरी माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. कारण मला ते लग्न हवं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आई पुढं आली. डोक्यावरचा पदर सावरला आणि आप्पांच्या हातातून चिलीम काढून घेतली.

"साळू," आप्पा एवढंच म्हणाले.

ती पाहुण्यांकडं पाठ करून उकिडवी बसली आणि तिनं झुरका घेतला. छोटा. मग दुसरा. मग तिसरा. खोकली नाही. विस्तव नुसता फुलत राहिला, तडतडला नाही. मग तिनं वळून चिलीम कुशाबांच्या पुढ्यात जमिनीवर उभी धरली आणि मान खाली घातली.

माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचं तोंड उघडंच होतं. कुशाबा आईकडं नाही, चिलमीकडं बघत होते.

"किती सालं?" त्यांनी विचारलं.

"तिसरं लागलंय."

"आन चिमाजी, तुमाला दम कधीपास्नं?"

"तवापास्नंच," आप्पा म्हणाले. आता झाकायला काही उरलंच नव्हतं.

"तरीच," कुशाबा म्हणाले. "आदीच्या चिलमीत घाई दिसायची. ह्या दोन सालातल्या लई निगुतीच्या हायेत."

त्यांनी चिलमीतला विस्तव झाडला, ती धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि उठले. न ओढताच. दारातून म्हणाले, "आमी इचार करून कळवतो."

या वाक्याचा अर्थ कुठल्याही मुलीच्या घरी विचारा. त्या दिवशी आमच्या घरात कुणी जेवलं नाही. मी आईशी भांडले. "तुला दोन मिनिटं दम धरवला नाही का?" असं म्हणाले मी, तिला, तिनं काय केलं हे डोळ्यांनी बघूनसुद्धा. ती म्हणाली, "व्हय, न्हाई धरवला." आणि भांडी घासायला बसली.

अकरा दिवस गेले. गावात कुजबूज सुरू झाली की काय, हे मी बायांच्या तोंडावर शोधत फिरायचे. बाराव्या दिवशी गोरख एकटाच सायकलवरून आला. कॅरिअरला एक पंप बांधलेला आणि हँडलच्या पिशवीत ती चिलीम. चिलीम परत म्हणजे सोयरीक परत, असं समजून मी आत जाऊन दाराला कडी लावली.

फटीतून मला सगळं दिसत होतं. गोरखनं आप्पांना नमस्कार केला आणि म्हणाला, "आज्यानं सांगितलंय, लग्नात सोयऱ्यांना द्यायला अशा पंचवीस चिलमी लागतील." मग त्यानं पंप सोडला. सायकलला हवा भरायचा साधा पंप, नळीच्या टोकाला रबराचा तुकडा चढवलेला. "ह्याचं आतलं कातडी वायसर मी उलटं बसवलंय, खालची गोळी काढलीय. आता ह्यो हवा सोडत न्हाई, ओढतो. बघा."

त्यानं चिलीम भरली, विस्तव ठेवला, खालच्या तोंडाला रबर लावलं आणि दांडा हळूच वर ओढला. विस्तव फुलला. वरून बघणाऱ्याला वाटावं, कुणी शांतपणे झुरका घेतोय. पंपाच्या वरच्या टोकातून धूर निघाला आणि खोपटाच्या दिशेनं गेला. ना कुणाचं तोंड, ना कुणाची छाती.

"आता काकूंनी ओढायची न्हाई," तो म्हणाला. हे वाक्य त्याचं स्वतःचं असावं, कारण ते म्हणताना त्याचे कान लाल झाले.

आईनं पंप हातात घेतला. दांडा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"येवढंच व्हतं?" ती म्हणाली. "इतक्या सालात कुणालाच कसं न्हाई सुचलं?"

आप्पांनी खाली बघितलं. गोरख उगाच सायकलची चेन तपासत राहिला. मी कडी काढून बाहेर आले, कारण माझं लग्न ठरलं होतं, आणि मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

आप्पा दोन हजार एकमध्ये गेले. चिलमी त्याच्या आधीच संपल्या. लोक गुटख्याच्या पुड्या खायला लागले. तो पंप आमच्या जुन्नरच्या दुकानात खिळ्याला आहे, वायसर अजून उलटंच. गोरखला मी डॉक्टरांचं अजून सांगितलेलं नाही.

आईचा तो प्रश्न मला तेव्हा जावयाचं कौतुक वाटला होता. परवा दवाखान्यातून परतताना, एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती झोपली होती आणि तिच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, तेव्हा तो प्रश्न मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. दाराशी शेंगा निवडत अडीच वर्षं मी बसले होते.