मागची सीट

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासून नाही. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं खाली सोडली." आणि अशा बाईला लग्नात मिळालं काय? तर बसायची जागा! आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मेंढरांचा निम्मा कळप विकून जावयाला मोटरसायकल दिली. पुढं जावई, मागं मी, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर पिशवी. त्या गाडीवरून मी अंबड पाहिलं, परतूर पाहिलं, जालना पाहिलं, असं म्हणायला हरकत नाही. खरं म्हणजे नवऱ्याची कॉलर पाहिली.

नवऱ्याचं वाटूर फाट्यावर गॅरेज आहे. हाताला हुशार, स्वभावानं निवांत. गिऱ्हाइकाची गाडी मन लावून दुरुस्त करील, पण नंतर चक्कर मारून बघायची म्हटली की याच्या जिवावर येतं. मला गाडी त्यानंच शिकवली, गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत, मी फार डोकं खाल्लं म्हणून. मग एकदा डबा घेऊन गेले तर म्हणाला, "तूच बघून ये ना जरा परतूरच्या रोडनं." मी जी गेले, ती गिऱ्हाईक येऊन, चहा पिऊन कंटाळलं तरी माझा पत्ता नाही. तेव्हापासून फाट्यावरच्या सगळ्या गाड्यांची ट्रायल माझ्याकडं आली. लोक बोलायचे. बोलेनात का! त्यांचे ब्रेक मीच तपासत होते.

एक दिवस जालन्याकडचा एक माणूस टेम्पोत मोटरसायकल घालून चालला होता, त्याचा टेम्पो नेमका आमच्या दारात बंद पडला. आतली गाडी उघडीबोडकी. ना आरसे, ना लाइट. मी म्हटलं, "कुठं धडकली हो ही?" तो हसला. म्हणाला, शर्यतीची गाडी आहे. त्यांचा क्लब होता. अधूनमधून सगळे मिळून कुठंतरी लांबचा शर्यतीचा गोल ट्रॅक भाड्यानं घेतात आणि साध्या रोडवरच्याच गाड्या सोलून पळवतात. महागड्या गाड्यांचं तिथं कामच नाही.

"बायका असत्यात का?" मी विचारलं.

"आजून कुणी आली न्हाई," तो म्हणाला. "पण मनाई बी न्हाई."

झालं! भाकरी थापताना तेच, धुणं वाळत घालताना तेच. घरातल्या घरात इकडून तिकडं येरझाऱ्या. शेवटी नवरा म्हणाला, "बाई, तू आधी बस बरं खाली. करू आपण." पण त्यानं एक अट घातली. "ही गाडी मामांनी कळप विकून दिल्ती. त्यांनी न्हाई म्हणलं, तर मी सगळं पहिल्यासारखं जोडून देईन बराबर. मंग रडायचं न्हाई."

मी हो म्हटलं. आबांना सांगतंय कोण? आबा बारा महिने मेंढरांमागं, आणि वाटूरला यायला त्यांना फुरसत कुठली!

मग आम्ही गाडी सोलायला घेतली. आरसे, हॉर्न, इंडिकेटर, पुढचा लाइट, दोन्ही स्टँड. साडी चाकात जाऊ नये म्हणून बाजूला जाळी असते ना, ती काढताना मला जे सुख झालं ते काय सांगू! हँडल खाली घेतलं, पाय ठेवायच्या दांड्या जाड पत्रा लावून मागं नेल्या. मागची सीट आणि तिच्याखालचा सांगाडा कापायची वेळ आली तेव्हा नवऱ्याचा हात अडला. म्हणाला, "हे एकदा कापलं की कापलं." मी कटर त्याच्या हातातून घेतला. ठिणग्या उडाल्या आणि सीट धपकन खाली पडली. ती आम्ही भंगाराच्या कोपऱ्यात टाकून दिली.

बोल्ट सुटून ट्रॅकवर तेल सांडू नये म्हणून त्यांना बारीक भोकं पाडून तार ओवायची, असा क्लबचा नियम होता. आम्ही दोघं शहाणे! स्लॅबच्या सळया बांधतात ती तार वापरली, जालन्याच्या मुलखात सळयांचे कारखाने, तिला काय तोटा! फोटो धाडला तर क्लबवाला फोनवर ओरडला, "अहो, ती दोन चकरांत तुटंल. स्टीलची घ्या, स्टीलची." सगळी काढली, पुन्हा ओवायला बसलो. शर्यत रविवारी होती.

अशी मी गुरुवारी गाडीखाली आडवी होऊन तार पिळत होते, तेव्हा मला समोर चपला दिसल्या. जाड तळव्याच्या, टायरचा तुकडा मारलेल्या. आबा! यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला होता, आणि आबा कळप गड्यावर सोडून अंबडहून एसट्या बदलत जावयाला जेवायचं बोलावणं द्यायला आले होते. हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

"या मामा," नवरा म्हणाला.

"कोणाचं हो हे कान कापल्यालं गाढव?" आबांनी काठीनं गाडी दाखवली. आबा जवळ आले आणि त्यांचा हात टाकीवर थांबला. तिथं एक पोचा आहे. लग्नाच्या मांडवात आबांच्याच एडक्यानं नव्या गाडीला ढुसणी मारली होती, त्याचा.

"ही तर आपली गाडी," आबा म्हणाले. त्यांचा हात मागं सरकत गेला आणि जिथं सीट असायची तिथं हवेत राहिला. "मागची सीट?"

"कापली, मामा."

"आन् माझी लेक कुठं बसती?"

"ती... ती न्हाई बसत आता मागं."

अरे देवा! हजार उत्तरं होती, त्यातलं नेमकं हे दिलं! मी खालून नुसत्या चपला बघत होते. त्या हलल्या नाहीत.

"जावईबापू," आबा सावकाश म्हणाले, "माझी लेक जड झाली असंल तर तसं सांगायचं. जागा कशाला कापायची? जनावरं विकली म्या. लेक न्हाई विकली."

मला खाली पडून राहता आलं असतं. खरं सांगितलं आणि आबा नाही म्हणाले, की शर्यत गेली, रविवार गेला, मी पुन्हा पिशवी घेऊन कॉलरीमागं. आणि नाही सांगितलं तर हा भला माणूस फुकट चोर ठरतो. मला असा राग आला, आबांचा, त्याचा, माझा, सगळ्यांचाच. सरपटत बाहेर आले. तोंड काळं, हात काळे.

आबांनी मला पाहिलं. "चल माय," ते म्हणाले. "पिशवी भर."

"पिशवी कशाला? आबा, मागची सीट कोणाची व्हती?"

"तुझी."

"मंग मीच कापली ती. ह्यांनी न्हाई. ह्यांचा तर हात बी धजत नव्हता."

"आन् तू बसती कुठं?"

"म्होरं."

आबा मटकन खाली उकिडवे बसले. मी सगळं सांगितलं, ट्रॅक, क्लब, रविवार. त्यांनी निम्मंच ऐकलं असावं. मग म्हणाले, "म्हंजी गोल फिरायचं, आन् परत तिथंच?"

"हो."

"मंग जायाचं तरी कशाला?"

"तुम्ही दिवाळीला कळप घेऊन निघता, आन् पावसाळ्याला परत तिथंच येता ना, आबा?"

"आम्ही चाऱ्यासाठी फिरतो, बाई. भूक असती जनावरांला."

"मला बी भूकच हाय," मी म्हटलं आणि मला एकदम रडू आलं. मला रडायचं अजिबात नव्हतं.

आबा उठले, भंगाराच्या कोपऱ्यात गेले, ती सीट उचलली, उपरण्यानं पुसली आणि काखेत मारली. "धोंडं खायला या," एवढं नवऱ्याला म्हणाले आणि एसटीत बसून गेले.

आता हे हो का नाही? शनिवारपर्यंत नवरा पाना हातात घेऊन तेच विचारत होता. मी वेड्यासारखी फाट्यावरून गॅरेजात आणि गॅरेजातून फाट्यावर. शेवटी तोच म्हणाला, "तोंडानं तर न्हाई म्हणले न्हाईत. चल, जल्दी आवर."

शर्यतीत मी शेवटून दुसरी आले. पण एका वळणावर पुढचे सगळे इतके लांब गेले होते, की माझ्यासमोर कुणाचीच पाठ नव्हती, कुणाची कॉलर नव्हती. नुसता रस्ता. मी हेल्मेटमध्ये मोठमोठ्यानं ओरडले.

धोंड्यांच्या जेवणाला आम्ही एसटीनं गेलो. सगळा वेळ माझा पाय हलत होता. ओसरीवर रांगोळी होती, पण पाट शेजारी शेजारी नव्हते. एक पाट पुढं, आणि त्याच्या बरोबर मागं फळीवर ठोकलेली ती सीट. आबांनी मला पुढच्या पाटावर बसवलं. मग हात जोडून जावयाला म्हणाले, "बसा पाव्हणं, मागं."

"अहो, जावयाचा मान!" आई दारातून ओरडली.

"गाडी त्यांचीच हाय," आबा म्हणाले. "जागा तेवढ्या बदलल्या."

नवरा आनंदानं मागं बसला. त्याला कुठंही बसवतं. आबांनी माझ्या धोंड्यांवर तूप ओतलं आणि हळूच विचारलं, "पडली न्हाईस ना?"

"न्हाई."

"वाढ गं हिला आजून," ते आईला म्हणाले. "लांबून आली."

मी जेवत राहिले. सगळ्यांची ताटं उचलली गेली तरी मला तिथून उठवेना.