सासू-सून जिल्हा परिषदेच्या सभेला

सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी वेरूळहून संभाजीनगरला निघालो, मी आणि माझी सून संगीता. माझं वय शहात्तर, शिक्षण चौथीपर्यंत. आम्ही मेंढरांमागची माणसं. राखीव जागेमुळं मी ग्रामपंचायतीची सदस्य झाले, म्हणून हे प्रवास घडतात. त्या दिवशी कामं दोन होती. संगीताला मोठ्या सरकारी दवाखान्यात तिसरी सुई घ्यायची होती. दुपारी जिल्हा परिषदेत आरोग्य समितीची सभा होती. गुप्तरोग तपासणारे डॉक्टर महिन्यातून एकदा आमच्या गावच्या उपकेंद्रात येणार की नाही, आणि आठवीपासूनच्या पोरापोरींना शाळेत शरीराची माहिती शिकवणार की नाही, हे तिथं ठरणार होतं.

आधीच सगळं सांगून टाकते. संगीताची दोन बाळं पोटातच गेली, दुसरं सातव्या महिन्यात. मी तिला देवऋष्याकडं नेलं आणि करंटी म्हणाले. शेवटी गावच्या आशाताईनं रक्त तपासायला लावलं, तेव्हा गरमी (संबंधातून लागणारा रोग) निघाली. ती आणली माझ्या मुलानं, ज्ञानोबानं. तो वर्षातले सहा महिने मेंढरं घेऊन परमुलखात असतो. डॉक्टर म्हणाले, दोघांनी औषध घेतलं नाही तर हिला पुन्हा लागेल आणि तिसरं बाळही जाईल. ज्ञानोबा म्हणतो, शहरातल्या गुप्तरोगाच्या दारासमोर मी बसणार नाही. गावात डॉक्टर आले तर येईन, कारण उपकेंद्रात ताप-खोकल्याचीही माणसं असतात, कोण कशाला आलं ते कळत नाही. म्हणजे माझं नातवंड त्या सभेवर अडलं होतं.

दौलताबादच्या दरवाजात बस अडकली. दरवाजा जुना आणि अरुंद, समोरून खडीची गाडी घुसलेली, मागं कुणी सरकेना. अर्धा तास मी खिडकीतून किल्ला पाहत बसले. माणसांनी डोंगर चहूबाजूंनी तासून उभा केलाय. इतक्या वर्षांत शेकडो वेळा तिथून गेले असेन, पण बसून असा पाहिला नव्हता. मान दुखेपर्यंत पाहिला.

स्टँडवर रिक्षावाल्यानं विचारलं, "कहाँ जाना, अम्मा?"

"सरकारी दवाखान्यात."

"कौनसे वार्ड में? दो गेट हैं."

संगीतानं माझा हात दाबला. मी म्हणाले, "गुप्तरोगाच्या."

त्यानं आरशातून आमच्याकडं बघितलं आणि रिक्षा चालू केली. जरा पुढं गेल्यावर म्हणाला, "मेरे बड़े भाई बी आते थे इधर. अच्छे हो गए. अंदर तक छोड़ता तुमको, पैदल नक्को जाओ." आणि अगदी पायरीपर्यंत सोडलं.

आत चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी समुपदेशनाला (समजावून सांगायला) बसते. मी संगीताबरोबर खोलीत शिरले तर ती उठून म्हणाली, "आजी, तुम्ही बाहेर बसा."

"मी सासू आहे तिची."

"म्हणूनच. हे तिचं आहे. तिला वाटलं तर ती सांगेल तुम्हाला."

माझ्या सुनेच्या बाबतीत मला कुणी असं दाराबाहेर काढलं नव्हतं. राग आला. मग बाकावर बसल्या बसल्या नवल वाटायला लागलं. माझ्या वेळी पाळी आली ते आधी सासूला कळायचं, मग शेजारणीला, मग सगळ्या वाडीला. इथं एका मेंढपाळाच्या बायकोचं गुपित सांभाळायला सरकारनं माणूस नेमलाय आणि त्याला दार दिलंय. बाकावर शेजारी एक पोरगा-पोरगी बसली होती. पोरगी मला म्हणाली, "लग्न आहे आमचं दिवाळीनंतर. आधी तपासून घेतोय." जणू साखरपुड्याची अंगठी मापाला आणलीय. मी म्हणाले, "बरं करताय."

संगीता बाहेर आली ती लंगडत. ही सुई कमरेखाली देतात आणि ती फार दुखते. जवळच्या हॉटेलात आम्ही नान-खलिया (जाड रोटी आणि मटणाचा पातळ लाल रस्सा) घेतला. मी बसून खाल्ला, तिनं उभ्यानं. वाढणारा म्हणाला, "बैठो ना, बहन." ती म्हणाली, "आज नाय जमायचं." मला हसू आलं, तिलाही.

सभागृह मोठं होतं. गोल टेबल, प्रत्येकासमोर माईक, मागं आमच्यासारख्यांना खुर्च्या. सभापती बाई मला नात शोभेल एवढ्या वयाच्या. त्यांनी विषय वाचला. गुप्तरोग, गर्भनिरोधक साधनं, मासिक पाळी, सगळे शब्द माईकवरून सलग. आमच्याकडं हे शब्द ओढ्यावरसुद्धा कुजबुजून बोलतात. एक सदस्य म्हणाले, "मॅडम, जरा सभ्य भाषेत." बाई म्हणाल्या, "शासनाच्या कागदावरची भाषा आहे, साहेब. तुम्हाला दुसरा शब्द माहीत असेल तर सांगा."

आमच्या गटाच्या सदस्य बाई म्हणाल्या, "आज्जींना दोन मिनिटं द्या." माईक माझ्याकडं आला.

मी म्हणाले, "आमच्या कळपात मेंढी गाभडली (तिचा गर्भ पडला) तर आम्ही तिला शिव्या देत नाय. आधी एडका तपासतो. त्यासाठी जनावराचा डॉक्टर रानात येतो, अन् कुणी लाजत नाय. बाईचं तसं झालं तर तिलाच देवऋष्याकडं नेतो. मीच नेलंय. तेवढा डॉक्टर माणसांसाठी बी पाठवा."

काही जण हसले. एक मिशीवाले सदस्य म्हणाले, "आजी, मेंढरांचं पटलं. पण असा रोग आहे कुणाला तुमच्या गावात? एक माणूस दाखवा. उगंच गावाची बदनामी."

मेंढरांचं बोलणं सोपं होतं. घरातलं उघडं करायचा हक्क मला नव्हता, हे दवाखान्यातल्या त्या समुपदेशनाच्या पोरीनं सकाळीच शिकवलं होतं. मी माईक खाली ठेवला.

"मी हाये."

मागच्या रांगेत संगीता उभी होती. डोक्यावर पदर, दोन्ही हात पुढच्या खुर्चीवर. "दोन लेकरं गेली माझी. आज तिसरी सुई झाली. मालक इथवर येत नायत, लाजत्यात. गावात डॉक्टर आले तर येतो म्हंत्यात. तुमी एक माणूस दाखवा म्हन्ले, दादा. बघा."

कैलास लेण्याच्या वरच्या अंगाला माझं लहानपण गेलं. काठावर पोटावर पडून आम्ही खाली बघायचो आणि हे माणसांनी कोरलंय यावर विश्वास बसायचा नाही. त्या सभागृहात माझं तसंच झालं. ही बाई बारा वर्षं माझ्या घरात भाकरी थापते आणि माझ्यासमोर मान वर करून बोललेली मला आठवत नाही.

मिशीवाले म्हणाले, "बस, पोरी." ती म्हणाली, "बसता येत नाय."

मग हात वर व्हायला लागले. या पक्षाचे, त्या पक्षाचे, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे. मिशीवाल्यांचा हात सगळ्यात शेवटी वर आला, पण आला. डॉक्टरांचा ठराव पास झाला. शाळेतल्या शिकवण्याचा विषय पुढच्या सभेवर ढकलला. त्यासाठी पुन्हा जावं लागेल, जाईन.

परतीच्या बसमध्ये संगीता खिडकीला रेलून एका कुशीवर बसली. घाट चढताना मी म्हणाले, "तुला करंटी म्हणाले होते, ते चुकलं माझं."

"लई दिवस झाले त्याला, आत्याबाई."

"व्हय. पण चुकलंच."

एवढ्या वर्षांत मला वाटत होतं की सरकार म्हणजे कागद आणि हेलपाटे. तेही खरंच आहे. पण सरकार म्हणजे माणसांनी वर केलेले हातही असतात, आणि आधी कुणीतरी उभं राहिल्याशिवाय ते वर होत नाहीत, हे मी म्हातारपणी पाहिलं.

फाट्यावर ज्ञानोबा उभा होता. चेहऱ्यावरूनच कळलं, सभेतून कुणीतरी फोन केला होता.

"माय, तू बोललीस का तिथं?"

"मी मेंढरांचं बोलले. घरचं ती बोलली."

त्यानं संगीताकडं बघितलं नाही. पिशवी घेतली आणि पुढं चालायला लागला. आम्ही मागून. ओढा ओलांडल्यावर त्यानं चाल हळू केली, संगीताला लंगडत गाठता येईल इतकी.

"सुई लई दुखती का?"

"दुखती. दोन दिवस धड चालता येत नाय."

"मग मला सुई दिल्यावर मेंढरांमागं कोन जाईल?"

"मी जाईन," संगीता म्हणाली.